सिनिस्टार: राक्षस जागा व्हायच्या आत तेरा बॉम्ब

सिनिस्टार या जुन्या व्हिडिओ गेममधला नवशिक्याचा पहिला डाव बहुतेक असाच जातो. पडद्याच्या मधोमध एक छोटं यान असतं, आजूबाजूला दगड तरंगत असतात. शूटिंगचा गेम म्हटल्यावर गडी दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटतो. दगड फुटतात, दोनचार शत्रूंची यानंही टिपली जातात. सगळं मस्त चाललंय असं वाटत असतानाच एक घोगरा, खर्जातला आवाज घुमतो, ‘बिवेअर, आय लिव्ह!’ सावध, मी जिवंत झालोय. पाठोपाठ डरकाळी. मग शिंगांचं, दात विचकलेलं कवटीसारखं एक भलंमोठं डोकं बाजूने येतं आणि यान गिळून टाकतं. गडी बॉम्बचं बटण बडवत असतो, पण बॉम्ब असतात शून्य.

मीही असाच मेलो, पहिल्या संध्याकाळी सात-आठ वेळा. गेम अन्यायी आहे असं ठरवून बंद केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. पुढच्या आठवड्याभरात जे उमगलं ते इथे लिहितोय, म्हणजे तुमचा तो आठवडा वाचेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. सिनिस्टार दिसायला नेमबाजीचा गेम आहे, पण मुळात तो खाणकामाचा गेम आहे. दगडातून स्फटिक निघतात. तुम्ही उचललेल्या प्रत्येक स्फटिकाचा एक बॉम्ब होतो. शत्रूने उचललेल्या प्रत्येक स्फटिकाचा त्या राक्षसाचा एक अवयव होतो. खाण एकच आणि गिऱ्हाइकं दोन. कोण आधी पोतं भरतो एवढाच सवाल आहे, बाकी गोळीबार त्या हिशेबापुरता.

थोडी कुळकथा

हा गेम शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९८३ साली बाजारात आणला. डिफेंडर आणि रोबोट्रॉन: २०८४ हे अवघड म्हणून गाजलेले गेम्सही याच घरातले, त्यामुळे सिनिस्टारकडून दयामायेची अपेक्षा ठेवू नये. सॅम डिकर, नोआ फाल्स्टीन, जॅक हेगर, आर. जे. मिकल, रिचर्ड विट ही त्यामागची मंडळी. मिकल पुढे अमिगा संगणक आणि अटारी लिंक्स या हातात धरून खेळायच्या गेमयंत्राच्या कामात होते.

सिनिस्टार आला तेव्हा अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या धंद्याला ओहोटी लागली होती. आज चालू स्थितीतलं मूळ यंत्र सहजी दिसत नाही, ते त्यामुळेच. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपया-दोन रुपये टाकून खेळलेल्या पिढीतला मी, पण हे कपाटाएवढं यंत्र मी तिथे एकदाही पाहिलं नाही. मला तो भेटला थेट कॉम्प्युटरवर, तोही आवाजाच्या नादाने. त्या राक्षसाला आवाज दिलाय जॉन डोरेमस या शिकागोतल्या रेडिओ निवेदकाने. त्या काळच्या यंत्रांत साठवायला जागाच नसायची, म्हणून वाक्यं मोजकीच: ‘आय हंगर’, ‘रन, कावर्ड’, ‘आय अ‍ॅम सिनिस्टार’ अशी. भूक लागलीय, पळ भित्र्या, मी सिनिस्टार. आवाज दाबून बसवल्यामुळे त्याला एक खरखर आलीय आणि त्या खरखरीनेच तो जास्त भीतीदायक झालाय. झोपेतून उठल्याबरोबर खायला मागणारा आपला कुंभकर्ण आठवावा.

खेळायचा कुठे

सरळ मार्ग हवा असेल तर जुन्या गेम्सचे संग्रह आहेत. मिडवे आर्केड ट्रेझर्स हा २००३ चा संग्रह प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूबवर निघाला होता. मिडवे आर्केड ओरिजिन्स हा २०१२ चा, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी. दोन्हींत सिनिस्टार आहे. जुन्या डिस्क विकणाऱ्यांकडे चौकशी केली तर सापडतात. १९९९ साली कॉम्प्युटरवर आलेला सिनिस्टार: अनलीश्ड हा वेगळा, नव्याने केलेला गेम. चुकून तो घेऊ नका.

दुसरा मार्ग मेम. १९९७ पासून हा प्रकल्प जुन्या आर्केड, म्हणजे पार्लरमधल्या, यंत्रांची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरवर उतरवतोय. मेम फुकट आहे, पण गेमचा मूळ प्रोग्राम फुकट वाटायला मोकळा नाही, त्याचे हक्क आहेत. विल्यम्सचे गेम्स पुढे मिडवे कंपनीकडे गेले आणि मिडवेचा बहुतेक सगळा पसारा २००९ साली वॉर्नर ब्रदर्सने घेतला. तेव्हा कुठून काय उतरवून घेताय ते तुमचं तुम्ही बघा.

मेमवर खेळणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. कीबोर्डवरचं ५ दाबलं की नाणं पडतं, १ दाबलं की डाव सुरू होतो, टॅबने सेटिंगचा मेन्यू येतो, एफ ५ दाबलं की खेळ थांबतो (मेमच्या जुन्या आवृत्त्यांत पी). पहिल्यांदा उघडल्यावर फॅक्टरी सेटिंगबद्दल काही संदेश दिसून गेम अडून बसला तर घाबरू नका, एफ ३ दाबून यंत्र पुन्हा चालू करा. मूळ यंत्राचा पडदा उभा होता, त्यामुळे तुमच्या आडव्या स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. चित्र ताणून त्या भरू नका. यानाच्या वर-खाली किती दिसतं आणि डावी-उजवीकडे किती, या अंदाजावर पुढे बरंच अवलंबून आहे.

अमेरिकेत शिकागोच्या आसपास कुणी मराठी मंडळी असतील तर त्यांना एक जास्तीची सोय आहे. ब्रुकफील्ड गावात गॅलपिंग घोस्ट नावाचं आर्केड आहे, तिथे शेकड्यांनी जुनी यंत्रं मांडलेली आहेत. जायच्या आधी सिनिस्टार चालू आहे का ते विचारून घ्या, ही यंत्रं वयाने चाळिशी उलटलेली आहेत आणि आजारी पडत असतात.

कांडीचा प्रश्न

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण निम्मे लोक हा गेम चुकीच्या हत्याराने खेळून सोडून देतात.

त्या काळातल्या बहुतेक आर्केड यंत्रांची जॉयस्टिक आठ दिशा ओळखायची. वर, खाली, डावी, उजवी आणि चार कोपरे. किती जोरात ढकलली याचा तिला पत्ता नसायचा. सिनिस्टारसाठी विल्यम्सने खास वेगळी जॉयस्टिक बनवली. तिला एकोणपन्नास जागा कळतात. सात आडव्या, सात उभ्या, असा चौकटीच्या वहीचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. मधलं घर म्हणजे कांडी सोडलेली. तिथून कुठल्याही बाजूला तीन घरं. पहिल्या घरात कांडी गेली तर यान हळू सरकतं, दुसऱ्यात वेग वाढतो, तिसऱ्यात सुसाट. शिवाय अधल्यामधल्या तिरक्या दिशाही मिळतात. कांडीच्या खाली हे सगळं प्रकाशाच्या किरणांनी ओळखलं जायचं.

याचा अर्थ असा की कीबोर्डच्या बाणांवर हा गेम खेळणं म्हणजे हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज घालून सुईत दोरा ओवणं. साधा गेमपॅड घ्या आणि त्यावरची अंगठ्याने फिरवायची छोटी कांडी वापरा. मेममध्ये टॅबच्या मेन्यूत अ‍ॅनालॉग कंट्रोलचं पान असतं. तिथे संवेदनशीलता थोडी थोडी कमीजास्त करून बघा. अंगठा जरासा टेकवल्यावर यान रांगलं पाहिजे आणि पूर्ण ढकलल्यावर पळालं पाहिजे. या दोन टोकांच्या मधला वेग हाताला सापडला की सेटिंग जमलं.

मी सुरुवातीला पैसे वाचवायला एक अगदी स्वस्तातला गेमपॅड घेतला होता. त्याची कांडी सोडली तरी यान आपोआप डावीकडे सरकत राहायचं. तीन दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. शेवटी दुसरा पॅड लावला आणि लगेच समजलं. तुमचं यान हात न लावता चालत असेल तर आधी पॅड तपासा.

बटणं दोनच. एक गोळीचं, एक सिनिबॉम्बचं. गोळी यानाचं तोंड असेल त्या दिशेने जाते. बॉम्ब मात्र आपणहून राक्षसाकडे वळतो. हा फरक आत्ताच डोक्यात पक्का करा, पुढे त्यावरच जीव वाचणार आहे.

पडद्यावर काय दिसतं

यान कायम मध्यभागी. तुम्ही हलता तेव्हा आजूबाजूचं अवकाश सरकतं. वरच्या पट्टीत गुण, शिल्लक यानं, बॉम्ब आणि मधोमध स्कॅनर. पडद्याबाहेरचा बराच मोठा परिसर स्कॅनरमध्ये ठिपक्यांच्या रूपात दिसतो. नवशिके स्कॅनरकडे बघतच नाहीत. गाडी शिकताना आरशात बघायची सवय लागायला वेळ लागतो ना, तसंच. दर तीन-चार सेकंदांनी नजर वर गेली पाहिजे.

मैदानात पाच प्रकारच्या गोष्टी असतात. दगड, स्फटिक, वर्कर, वॉरियर आणि स्वतः सिनिस्टार. वर्कर म्हणजे हमाल. त्यांच्याकडे हत्यार नाही, ते स्फटिक उचलून राक्षसाकडे नेतात आणि त्याची जुळणी करतात. वॉरियर तुमच्यावर गोळ्या झाडतात. ते दगडांवरही झाडतात, म्हणजे आपल्या हमालांसाठी माल पाडून देतात.

आता सगळ्यात दिलासा देणारी माहिती. दगडावर आपटून तुम्ही मरत नाही, यान उसळी खाऊन बाजूला होतं. मरण दोनच प्रकारे येतं, वॉरियरच्या गोळीने किंवा सिनिस्टारच्या तोंडात. बाकी सगळ्यांना खुशाल धडका.

पहिला सराव: चिंचा पाडणे

लहानपणी चिंचेच्या झाडाखाली उभं राहून दगड मारलेत? एकदम मोठा धोंडा भिरकावला तर फांदी मोडते, वर झाडाचा मालक येतो. बेताचे खडे, थांबून थांबून मारले तर चिंचा टपटप पडतात. सिनिस्टारमधले दगड नेमके असेच वागतात.

गोळी लागली की दगड थरथरतो. आणखी लागल्या की थरथर वाढते. ती एका मर्यादेपलीकडे गेली की दगडातून स्फटिक सुटून बाहेर येतात. पण मारा थांबवला नाही तर थरथर आणखी वाढते आणि अख्खा दगडच फुटतो. मग त्यातून पुढे निघू शकणारा माल गेला. थोडं थांबलात तर थरथर आपोआप ओसरते. म्हणजे दगडाला कंप पावत ठेवायचं, पण फुटू द्यायचं नाही. पहिल्या डावातला गडी धडाधड दगड फोडत सुटला होता ना, तो खरं तर स्वतःची खाण बुजवत होता.

करायचं असं. एखादा मोठा दगड निवडा. त्याच्या जवळ जा, पण अगदी खेटून नको. गोळ्या झाडा, डोळे दगडाच्या कडांवर ठेवा. कडा जोरात हलायला लागल्या की बोट उचला, मनात ‘एक’ म्हणा, पुन्हा दोन-तीन गोळ्या. स्फटिक चमकत बाहेर आला की गोळीबार बंद, आणि यान त्याच्यावर नेऊन उचला. हा उचलण्याचा भाग वाटतो तितका सोपा नाही. स्फटिक वाहत जातो आणि तुम्ही सुसाट गेलात तर त्याच्या पुढे निघून जाता. इथे कांडीचं पहिलं-दुसरं घर कामाला येतं.

पहिले चार-पाच डाव फक्त एवढंच करा. गुणांकडे बघू नका, वॉरियर आला तर दूर व्हा, मेलात तर मरा. दगड न फोडता त्यातून दोन स्फटिक काढता आले की पुढे जा.

उचललेल्या स्फटिकाला दोनशे गुण मिळतात, वर्कर मारल्याचे दीडशे, वॉरियरचे पाचशे. आकडे बघून वॉरियरच्या मागे लागायचा मोह होतो. लागू नका. सिनिस्टार संपवल्याचे पंधरा हजार आहेत. शिवाय त्याचा एकेक तुकडा उडवल्याचे पाचशे वेगळे.

दुसरा सराव: हमालांचा बंदोबस्त

स्फटिक काढता यायला लागले की एक नवी चीड येते. तुम्ही घाम गाळून दगड हलवता, स्फटिक बाहेर येतो आणि कुठूनसा एक वर्कर येऊन तो पळवतो. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. यावर उपाय दोन.

पहिला म्हणजे दगड निवडतानाच आजूबाजूला किती वर्कर घुटमळताहेत ते बघणं. दोन-तीन असतील तर आधी ते टिपा, मग खणायला लागा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. स्फटिक घेऊन निघालेला वर्कर दिसला की त्याला गोळी घाला, त्याच्याकडचा माल मोकळा होतो, तो तुम्ही उचला. आयत्या बिळावर नागोबा. यात दुहेरी फायदा, तुमचा एक बॉम्ब वाढला आणि राक्षसाचा एक अवयव लांबला.

पण सगळे वर्कर संपवू असं म्हणत त्यांच्या मागे हिंडू नका. ते संपत नाहीत. वर्करची शिकार ही वाटेत जमलं तर करायची गोष्ट आहे. माझा ढोबळ हिशेब असा: हाताशी चांगला दगड असेल तर खण, दगड नसेल तर हमाल शोध, आणि यातलं काहीच जवळ नसेल तर स्कॅनरमध्ये बघून जागा बदल. एका ठिकाणी नुसतं उभं राहणं सगळ्यात वाईट.

वॉरियरचं काय करायचं? त्याची एक गोळी पुरते, त्यामुळे त्याच्याशी समोरासमोर उभं राहून हिशेब चुकते करायला जाऊ नका. आडवे सरका. तो एकटा असेल आणि तोंडासमोर आला तर मारा. दोघं-तिघं जमले तर एखाद्या दगडाच्या आडोशाने सटका. वॉरियरच्या गोळ्या दगडावर बसू देण्यातही मजा आहे. त्याने पाडलेला स्फटिक उचलायला तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही.

किती बॉम्ब पुरेत

पूर्ण उभा राहिलेला सिनिस्टार मारायला तेरा बॉम्ब लागतात. नेम चुकला नाही तर तेरा. प्रत्यक्षात काही बॉम्ब वाटेत वाया जातात, कारण मध्ये दगड किंवा एखादं यान आलं की बॉम्ब त्यावरच फुटतो. बॉम्बचा पल्लाही मोठा नाही. म्हणून मी पंधरा-सोळा जमेपर्यंत खणत राहतो.

पण राक्षस पूर्ण व्हायची वाट बघायलाच हवी असं कुठे आहे? अर्धवट बांधलेला सिनिस्टार निपचित असतो. तो हलत नाही, बोलत नाही. हातात पाच-सहा बॉम्ब असताना स्कॅनरवर तो जवळपास दिसला तर जाऊन तुकडे उडवता येतात. वर्कर ते पुन्हा जोडतात, पण तेवढा वेळ तुम्हाला मिळतो.

मग बॉम्ब खर्चून वेळ विकत घ्यायचा की साठवून एकदम घाव घालायचा? जाणते खेळाडू पहिल्या बाजूला झुकतील. नवशिक्याने साठवावं असं माझं मत आहे. अर्धवट राक्षसाभोवती वर्कर आणि वॉरियर यांची गर्दी असते, तिथे जाऊन परत येणं हेच शिकाऊ हाताला जड जातं. पहिल्या झोनमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, तर घाई नकोच. तिथे सिनिस्टार अगदी पायापासून बांधायचा असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त सवड तिथेच मिळते.

तो जागा झाल्यावर

‘बिवेअर, आय लिव्ह!’ ऐकू आलं की बहुतेकांचा हात आपोआप कांडी पूर्ण ढकलतो आणि यान दिशा न बघता पळत सुटतं. तसं करू नका. आधी स्कॅनर बघा. तो कुठे आहे, तुम्ही कुठे आहात, मधे दगड किती आहेत.

सिनिस्टारकडे बंदूक नाही. तो अंगावर धावून येतो आणि खातो, बस्स. नुसतं पळून सुटका होत नाही, तो गाठतोच. पण बॉम्ब आपोआप त्याच्याकडे जातो हे आठवतंय? म्हणजे नेम धरायला त्याच्याकडे तोंड करायची गरजच नाही. यानाचं तोंड मोकळ्या अवकाशाकडे ठेवा, पळत राहा आणि तो मागून पडद्यावर शिरला की बॉम्बचं बटण दाबत सुटा. पाठलाग करणाऱ्यावर मागे मिरचीपूड फेकत पळावं तसं.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली, तो पडद्यावर यायच्या आत बॉम्ब टाकणं. पल्ला कमी असल्यामुळे ते वाया जातात. दुसरी याच्या उलट, तो अगदी अंगाशी येईपर्यंत थिजून बसणं. मला ही दुसरी खोड होती. डरकाळी आली की अंगठा गोठायचा. शेवटी चार-पाच डाव मी आवाज पूर्ण बंद करून खेळलो आणि हात सुटला. मग आवाज पुन्हा चालू केला, कारण आवाजाशिवाय हा गेम म्हणजे मीठ नसलेली आमटी.

पळताना दगडांची गर्दी असलेली वाट टाळा. एरवी दगड मित्र, पण आता तुमचेच बॉम्ब त्यावर फुटतात. बॉम्ब संपले आणि त्याचे चार तुकडे अजून शाबूत असतील तर हातपाय गाळू नका. पळता पळता वाटेतल्या वर्करला उडवून स्फटिक मिळतोय का बघा. मात्र फार वेळ लावलात तर त्याचे उडालेले तुकडे वर्कर पुन्हा बसवतात, आणि तेव्हा खरंच पळता भुई थोडी होते.

शेवटचा तुकडा उडाला की अख्खा राक्षस फुटतो आणि तुमचं यान पुढच्या झोनकडे फेकलं जातं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी पॅड टेबलावर ठेवून पाणी पिऊन आलो. परत आलो तेव्हा अर्थातच यान गेलेलं होतं. झोन संपल्यावर कुणी थांबत नाही. पाणी प्यायचं तर आधी खेळ थांबवा.

पुढचे झोन

पहिल्या झोनला नाव नाही. पुढे वर्कर झोन, वॉरियर झोन, प्लॅनेटॉइड झोन आणि व्हॉइड झोन असे क्रमाने येतात आणि मग फेरा पुन्हा सुरू होतो. पहिल्या तिघांत नावाप्रमाणे गर्दी. वर्कर झोनमध्ये हमाल उदंड, वॉरियर झोनमध्ये बंदूकवाले, प्लॅनेटॉइड झोनमध्ये दगडच दगड. व्हॉइड म्हणजे पोकळी, तिथे दगडांचा दुष्काळ.

पहिल्या झोननंतर एक मोठा फरक पडतो. सिनिस्टार बऱ्यापैकी तयारच मिळतो, थोडेच तुकडे बसायचे बाकी असतात. त्यामुळे नव्या झोनमध्ये उतरल्या उतरल्या आधी खणायचं की आधी त्याला तोडायचं हा निर्णय घ्यावा लागतो. हाताशी बॉम्ब असतील तर इथे मात्र मी माझा वरचा सल्ला फिरवतो. दोन-तीन तुकडे आधी उडवून घ्या, तेवढीच उसंत.

वर्कर झोन मला सगळ्यात सोपा वाटतो. हमाल इतके असतात की लुटालूट करूनच बॉम्ब भरतात. प्लॅनेटॉइड झोनमध्ये माल भरपूर, पण बॉम्ब टाकायला मोकळी जागा शोधावी लागते. व्हॉइड झोनमध्ये एखादा दगड सापडला की तो फुलासारखा जपा, कारण तो फुटला तर दुसरा कधी दिसेल भरवसा नाही. तिथवर महिन्याभरात पोचलात तर तुमचा हात उत्तम चालतोय असं समजा.

दोनशे पंचावन्न यानांची गोष्ट

या गेममध्ये एक प्रसिद्ध गफलत आहे. तुमचं शेवटचं यान उरलंय. सिनिस्टार त्याला गिळण्याच्या बेतात आहे. नेमक्या त्याच क्षणी एका वॉरियरची गोळी लागून यान फुटतं. गेम एक यान वजा करतो, शिल्लक शून्य. पण सिनिस्टारचं गिळणंही सुरू झालेलं असतं, त्याचंही एक वजा होतं. शून्यातून एक गेला तर आपण उणे एक म्हणू. या गेमला उणे आकडाच माहीत नाही. यानांची संख्या आठ बिटांच्या (बिट म्हणजे फक्त शून्य किंवा एक मावणारी जागा) एका घरात ठेवलेली आहे आणि त्या घरात शून्य ते दोनशे पंचावन्न एवढंच मावतं.

जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर आठवा. सगळी शून्यं असताना ते एक घर उलटं फिरवलं तर सगळीकडे नऊ येतात. इथेही तेच होतं, फक्त नऊच्या जागी बिटांचे एक. आठही एक म्हणजे दोनशे पंचावन्न. मरणारा खेळाडू एकदम दोनशे पंचावन्न यानांचा मालक होतो.

मुद्दाम जमवायला गेलात तर जमत नाही. वॉरियरला पाठीशी घेऊन राक्षसाच्या तोंडाशी घुटमळत मी चांगली दोन यानं घालवली आणि नाद सोडला. ही गोष्ट सांगण्याचं कारण एवढंच की कधी शेवटच्या यानावर असं काही घडलं आणि डाव संपायच्या ऐवजी चालूच राहिला, तर गेम बिघडला म्हणून बंद करू नका. खणायला लागा.